उधाणातल्या चाचण्या

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकाच सुरात तक्रार केलीत. सत्र अर्धं झालं की अभ्यासाला बसवत नाही, वर्गात डोळे मिटतात, आणि शिकवणारेही घड्याळाकडे बघत उभे असतात. "आजी, तू तर एवढी वर्षं शिकवलंस. तुम्ही यावर काय करायचात?"

मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर मी हसून काहीतरी सांगून टाकलं असतं, आणि तुम्हीही ऐकून विसरला असतात.

यावर काय करायचं याचं एक उत्तर माझ्याकडे आहे. मीच ते तयार केलं होतं, मोठ्या कागदावर, पट्टीने रेघा मारून, दोन रंगांच्या शाईत. पालघरला शिक्षकांच्या सभेत ते वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांबद्दलच लिहायचं आहे. तुमच्या बाबाला यातलं काही माहीत नाही. तो तेव्हा चार वर्षांचा होता.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तुमच्या आजोबांना तारापूरच्या कारखान्यात नोकरी होती, आम्ही बोईसरला भाड्याच्या घरात राहत होतो, आणि मी तिथून जवळच्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं स्वतःचं शिक्षण सगळं इंग्रजीतून, शहरात झालेलं. शाळेत मला त्याचा मान होता, आणि तो मला आवडत असे हे आज कबूल करायला हरकत नाही. आमच्याकडे तीन दिशांनी मुलं येत. कारखान्यातल्या कामगारांची, डोंगराकडच्या पाड्यांवरची, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची. दहावीच्या माझ्या वर्गात किनाऱ्यावरच्या नवापूरहून येणारी सात मुलं होती. त्यांतली एक मुलगी या पत्रात येणार आहे. नाव लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही.

जून-जुलैत ती वर्गातली सगळ्यात जागी मुलगी होती. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. उत्तर चुकलं तरी हात खाली घेताना लाजायची नाही. एकदा तास संपल्यावर माझ्या मागोमाग व्हरांड्यात आली आणि विचारलं, "बाई, नर्सला इंग्रजी किती लागतं?"

"भरपूर," मी म्हटलं.

"म्हंजे दहावीचं पुरतं का?"

"आधी दहावी तर हो."

"व्हनार," ती म्हणाली, आणि पळाली.

तिच्या घरी काय ठरलंय ते मला तिच्या आईकडूनच कळलं. आई आमच्या आळीत मासे घेऊन यायची, आठवड्यातून दोनदा, आणि माझ्या पायरीवर टोपली उतरवून पाणी मागायची. भाव करताना ती मला मुळीच सोडत नसे. पण मी मुलीच्या वर्गाची बाई आहे हे कळल्यापासून निवडून मासे द्यायला लागली होती. ती म्हणाली, "हिचा बाप बोलतो, पोरगी पुरे झाली शिकली. मी बोलली, एक वरीस. फारम भरला, परीक्षेला बसली, तर लगीन दोन वरसं मागं. नाय भरला, तर होळीच्या आत उरकायचं. असा आमचा करार हाय बाई."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे पुढे वाचताना लक्षात ठेवा.

आता मरगळीबद्दल. आमचं पहिलं सत्र जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीला संपे. नारळी पौर्णिमा झाली की शाळेतला उत्साह ओसरायला लागे. मुलं पेंगत. गृहपाठ येईनासा होई. शिक्षकांच्या खोलीत या दिवसांना 'भादव्याची मरगळ' म्हणत, जणू ती एखादी साथ आहे आणि दरवर्षी ठरल्या वेळी येते. आम्हीही दमलेलेच असायचो. आठांपैकी सात तास, एकेका वर्गात साठ-सत्तर मुलं, वह्यांचे गठ्ठे, वर पंचायतीच्या कुठल्या ना कुठल्या याद्या. घरी आल्यावर स्टोव्ह, दूध, तुमच्या बाबाचा ताप, आजोबांची बदलती पाळी. मधल्या सुट्टीत मी टेबलावर डोकं टेकवून दहा मिनिटं झोपत असे. गणिताचे सर डोंगरपायथ्याच्या एका गावातून सायकल मारत यायचे. त्यांच्याकडे थोडी भातशेती होती. ते तर उभ्या उभ्या पेंगायचे, खडू हातात धरून.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावलं. मागच्या वर्षी दहावीचा निकाल खाली गेला होता आणि वरून त्यांना बोलणी बसली होती. ते म्हणाले, "ही मरगळ मला यंदा नको. काहीतरी करा. बाई, तुम्ही इंग्रजीत शिकलेल्या, तुमच्याकडे काही पद्धत असेल."

माझ्याकडे पद्धत होतीच. मला आयुष्यभर कशाचीही भीती वाटली की मी तक्ता करते. रविवारी बसून मी योजना तयार केली. मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं हातापायांचे व्यायाम. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यातून एक तास मोकळा, फक्त वह्या तपासायला. हजेरीपटात, जो विद्यार्थी वर्गात झोपेल त्याच्या त्या दिवसाच्या रकान्यात लाल पेन्सिलीचा छोटा गोल. आणि दहावीला दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी चाचणी. एक शनिवार सोडून एक. शनिवारची शाळा सकाळची, मुलं ताजी असतात, असा माझा हिशोब. शेवटी एक कलम मी स्वतःहून घातलं, कुणी सांगितलं नव्हतं: चारही चाचण्यांत जो नापास होईल आणि सहामाहीतही पडेल, त्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा भरणार नाही.

मुख्याध्यापकांनी तक्ता भिंतीला लावला. गणिताचे सर तो बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "बाई, मास्तरांनी झोपलं तर गोल कुठं काढायचा?"

सगळे हसले. मीही हसले. मास्तरांसाठी मी रकानाच आखला नव्हता.

पहिली चाचणी नारळी पौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी आली. साडेसातला मुलं बसली. नवापूरची सातही मुलं उशिरा आली, त्यांच्या कपड्यांना ओल्या बोंबलांचा वास होता, आणि पुढच्या बाकावरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. माझी ही मुलगी पेपर समोर घेऊन बसली. अर्ध्या तासाने मी बघितलं तर ती लिहिण्याच्या अवस्थेतच झोपली होती. पेन बोटांत, मान सरळ. मी टेबलावर पट्टी आपटली. ती दचकली, दोन ओळी लिहिल्या, पुन्हा तशीच. मी लाल गोल काढला.

दुसऱ्या चाचणीलाही तेच झालं.

त्यानंतरच्या मंगळवारी तिची आई आली. टोपली उतरवली, पण झाकण काढलं नाही.

"बाई, पोरगी रडते. पेपरात झोपते म्हंते."

"झोपते खरी. लवकर झोपवत जा तिला."

"कशी झोपवू? उधान हाय नं. तुमचा शनवार कसा हो बरोब्बर उधानात येतो?"

मला कळलं नाही. तिने पायरीवर बसून समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. पुनवेच्या आणि अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस समुद्राला जोर असतो, ते उधाण. त्यांची जाळी खांबांना बांधलेली, पाण्याच्या ओढीवरच मासळी त्यांच्यात शिरते. म्हणून उधाणात रोज दोन-दोनदा मासळी येते, बायका-पोरी रात्र-रात्र निवडत बसतात, पहाटे बोंबील बांबूवर टांगतात. मग आठवीच्या सुमाराला पाणी मंदावतं, जाळी कोरडी राहतात, त्याला ते भांग म्हणतात. त्या दिवसांत घरादाराला झोप.

"पावसाळ्यात होड्या बंद, तवा बगा माजी पोर कशी व्हती," ती म्हणाली. "तुमी असं करा. चाचनी एक शनवार पुढं ढकला. भांगात घ्या. सात पोरं हायत आमची, सातही लिवतील."

किती सोपं होतं. सगळा तक्ता एका आठवड्याने सरकवायचा. पट्टी घेऊन बसले असते तर पाव तासाचं काम.

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अगं बाई, शाळा काय चंद्र बघून चालवायची? उद्या डोंगराकडचे म्हणतील भात कापून होऊ द्या, कारखान्यातले म्हणतील पाळी बदलू द्या. एकेकासाठी वेळापत्रक बदललं तर शाळा कशाला हवी?"

तिने टोपली पुढे ओढली. मग टोपलीचं झाकण काढून म्हणाली, "आज करंदी हाय. घ्या. ताजी हाय. रातीच निवडली, तुमच्याच पोरीनं."

मी घेतली. त्या दुपारी आम्ही ती बारीक कोळंबी खाल्ली.

तिसरी चाचणी, चौथी चाचणी, दोन्ही तशाच गेल्या. चौथी सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास होती, हे मी आज सांगू शकते. तेव्हा माझ्या तक्त्यावर फक्त तारखा होत्या.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सहामाही सुरू झाली आणि पुढच्या आठवड्यापर्यंत चालली. मराठी आणि इंग्रजीचे पेपर सुरुवातीला. त्या दोन्हींत ती पडली. इंग्रजीचा पेपर मीच तपासला. निबंध चार ओळींत संपला होता आणि शेवटचं अक्षर पानावरून खाली ओघळत गेलं होतं. शास्त्रात काठावर पास झाली. शेवटी बीजगणित आणि भूमिती. त्यांत तिला वर्गातले दुसऱ्या क्रमांकाचे गुण होते.

गणिताचे सर पेपर घेऊन माझ्याकडे आले. खूश होते. "बाई, बघा. ही पोरगी पडणारी नाही."

मी पेपर चाळला. सगळं बरोबर, स्वच्छ, समासही सोडलेला. आणि माझ्या मनात जे आलं ते मी बोलले. "सर, हिने कॉपी केली आहे."

"नाही बाई. मी स्वतः वर्गात फिरत होतो."

"फिरत होतात, की पेंगत होतात?"

शिक्षकांची खोली हसली. सरांचा चेहरा उतरला. ते खरोखरच थकलेले असत, सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि मी ते चारचौघांत त्यांच्या तोंडावर मारलं. त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यानंतर या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही. शाळेत माझ्या शब्दापुढे कुणी बोलत नसे, आणि मी त्याला शिस्त म्हणत असे.

फॉर्म न भरायच्या विद्यार्थ्यांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधी लागली. त्यात नवापूरची तीन मुलं होती. ती त्यांतली एक. ती वर्गात रडली नाही. सगळे गेल्यावर टेबलापाशी आली.

"बाई, मी कॉपी नाय केली."

"मग शेवटच्या दोन पेपरांत एवढी अक्कल कुठून आली?"

"त्या दिसांत झोप मिलाली."

"असं का? झोप वेळापत्रक बघून येते वाटतं तुझ्याकडे."

तिने खाली मान घातली. जाताना ग्रंथालयाचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, परत करायचं होतं म्हणून. पुस्तकाला तिने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

आता सगळ्यात वाईट भाग. इथपर्यंतचं तुम्ही कदाचित माफ कराल. आजी शहरातली होती, तिला समुद्र कळला नाही, ती दमली होती. मीही स्वतःला असंच माफ करून बघितलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी मी हजेरीपटाची गोषवारा-प्रत करत होते. लाल गोलांची संख्या महिन्यावार लिहायची होती. स्वयंपाकघराच्या दारामागे भिंतीवरचं कॅलेंडर टांगलं होतं, तिथीवारांचं, सुट्ट्यांच्या तारखा पडताळायला मी ते काढून जवळ ठेवलं. आणि गोल मोजता मोजता माझं बोट थांबलं. नवापूरच्या मुलांच्या रकान्यांत गोल विखुरलेले नव्हते. पाच-सहा दिवस ओळीने गोल, मग आठ-नऊ दिवस कोरे, मग पुन्हा गोल. बाकी वर्गाचे गोल शिंतोड्यांसारखे कुठेही. मी कॅलेंडरवरच्या पौर्णिमा-अमावास्यांवर पेन्सिलीने टिंब केलं. मग पुढची पानं. कुठेही चुकत नव्हतं. मग माझ्या चार चाचण्यांच्या तारखा बघितल्या. चारही उधाणात. पंधरा दिवसांनी पंधरा दिवसांनी मी त्या मुलांना बरोबर गाठलं होतं. दुसऱ्या कुठल्याही बेशिस्त बाईंनी मनाला येईल तेव्हा चाचण्या घेतल्या असत्या, तर त्यांतल्या दोन तरी भांगात पडल्या असत्या. मी नेमकी होते म्हणून चारही लागल्या.

त्या बाईने पायरीवर बसून सांगितलेलं सगळं माझ्याच हस्ताक्षरात माझ्यासमोर होतं.

शाळा सोमवारी उघडणार होती. बोर्डाचे फॉर्म विलंब शुल्क भरून पाठवायची मुदत त्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत होती. पाच दिवस. मुख्याध्यापकांकडे जायचं, हजेरीपट आणि कॅलेंडर शेजारी ठेवायचं, आणि म्हणायचं, "सर, माझी चूक झाली. या तिघांचे फॉर्म भरा." एवढंच.

सोमवारी मी गेले. हजेरीपट पिशवीत होता. मी दारात उभी राहिले तोच ते म्हणाले, "या बाई, तुमचंच नाव चाललंय. शनिवारी पालघरला शिक्षकांची सभा आहे. मरगळीवरची तुमची योजना तिथे वाचायची. मी कळवून टाकलंय. आपल्या शाळेचा मान आहे."

मी थँक्यू म्हटलं आणि बाहेर आले. ठरवलं, उद्या सांगू. मंगळवारी ते तालुक्याला गेले होते. बुधवारी तुमच्या बाबाला ताप होता, मी रजा घेतली. गुरुवारी मी त्यांच्या खोलीबाहेरून दोनदा गेले. शुक्रवारी कारकुनाने फॉर्मचा गठ्ठा बांधला, लाखेचा शिक्का मारला. मी खिडकीतून बघत होते. त्या आठवड्यात तिची आई मासे घेऊन आली नाही, आणि मला बरं वाटलं.

शनिवारी पालघरला मी योजना वाचली. पण आहे तशी नाही. आदल्या दिवशी बसून मी तक्ता नवा केला होता, चाचण्या एका आठवड्याने सरकवून. वाचताना म्हटलं, "किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यांचा थकवा भरती-ओहोटीच्या चक्राशी जोडलेला असतो असं माझ्या निरीक्षणात आलं आहे. त्यानुसार आम्ही चाचण्यांचं वेळापत्रक बदललं आहे." माझ्या निरीक्षणात. टाळ्या पडल्या. मुरबे या किनाऱ्यावरच्या गावातल्या शाळेचे एक वयस्क शिक्षक मुद्दाम भेटायला आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेरच्या असून हे ओळखलंत! आम्ही जन्म काढला इथे."

गणिताचे सरही सभेला होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कधी कळलं?"

"सुट्टीत," मी म्हटलं.

"म्हणजे काल फॉर्म जायच्या आधी." त्यांनी कप खाली ठेवला आणि सायकल काढायला गेले.

दुसऱ्या सत्रात चाचण्या भांगात झाल्या. उरलेली नवापूरची चारही मुलं पास झाली, मार्चमध्येही झाली. शाळेचा निकाल वर गेला. माझा तक्ता आणखी काही शाळांनी उतरवून घेतला. आणि होळीच्या चार दिवस आधी त्या मुलीचं लग्न झालं, ते मला वर्गातल्या मुलींच्या बोलण्यातून कळलं. तिची आई आमच्या आळीत पुन्हा आली ती पावसाळ्यानंतर. माझ्या दारावरून जाताना तिने हाक दिली नाही. शेजारच्या पायरीवर टोपली उतरवली.

मी त्या शाळेत पुढेही अनेक वर्षं शिकवलं. तुम्ही म्हणाल, त्यानंतर किती मुलांना फायदा झाला असेल. झाला. मीही हे गणित पुष्कळदा मांडून बघितलं आहे. त्यात ती मुलगी कुठल्याच बाजूला बसत नाही.

ती मला पुन्हा भेटली नव्वदच्या दशकात. मी तेव्हा पर्यवेक्षिका होते, आणि जूनमध्ये पाचवीचे प्रवेश माझ्या टेबलावर होत. रांगेत एक बाई पुढे आली, सोबत दहा वर्षांची मुलगी. मी फॉर्मवरचं गाव वाचलं, नवापूर, आणि मान वर केली. अंगाने भरली होती, बोटांना काट्यांचे जुने व्रण. डोळे तेच.

"वलखलं का बाई?"

"ओळखलं. बस."

ती बसली नाही. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "हिला दाखल करायची हाय. हुशार हाय. एकच इचारायचं होतं. चाचन्या कवा असतात?"

"भांगात," मी म्हटलं. तो शब्द माझ्या तोंडून ऐकून मागच्या रांगेतल्या दोन बायका हसल्या.

"कवा बदललं?"

"तू गेल्यावर."

"किती दिसांनी?"

माझ्यासारख्या बाईला तारखा आठवत नाहीत असं होत नाही. मी काहीही सांगू शकले असते. एक वर्षानं, दोन वर्षांनी. तिला पडताळून बघता आलं नसतं.

"फॉर्मची मुदत संपायच्या आधी मला कळलं होतं," मी म्हटलं. "पाच दिवस होते."

मागच्या बायकांचं हसणं थांबलं होतं. मुलगी आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आये बोलली व्हती," ती म्हणाली. "बोलली, बाईला कललंय, ती पालघरला बोलून आली. मी बोलली नाय, बाई अशी नाय, कललं असतं तर बाई आली असती. मी आयेशी भांडली त्याच्यापायी."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"हां," ती म्हणाली. जसं एखादी वस्तू मिळाल्यावर म्हणतात तसं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. "सही कुठं करू?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिने सही केली. पेन परत दिलं.

"बाई, तुमी कंच्या तुकडीला शिकवता?"

"अ तुकडीला. हुशार मुलांची."

"मंग हिला दुसऱ्या तुकडीत घाला," ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून व्हरांड्यातून निघून गेली.

मी त्या मुलीचं नाव ब तुकडीत लिहिलं. तिला त्या वर्षी इंग्रजी दुसऱ्या बाईंनी शिकवलं, आणि पुढची पाच वर्षंही मी तिच्या वर्गावर गेले नाही.